खोपोलीला पाच लिटर

ट्रकचं पाणी कमी होतंय असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठं? इंजिनात कुठं ते नंतर बघू. रस्त्यात कुठं? कुठल्या गावाला झाकण उघडलंत, किती पाणी घातलंत, त्याच्या आधी चढ होता की उतार? ड्रायव्हर लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात. एवढं मोठं वर्कशॉप, लॅपटॉप लावून इंजिनाचे कोड वाचणारी पोरं, आणि हा माणूस विचारतोय पाणी कुठल्या ढाब्यावर घातलं. पण हा प्रश्न माझा नाही. तो कराडच्या अलीकडे, हायवेलगत पत्र्याच्या शेडात बसणाऱ्या एका मिस्त्रीचा आहे. २००९च्या एप्रिलमध्ये त्यानं तो माझ्या वडिलांना विचारला, तेव्हा मी बाजूला उभा राहून मनात हसलो होतो.

आण्णांचा ट्रक दहा टायरचा, इंजिन सहा सिलिंडरचं. जाताना कोल्हापूरचा गूळ घेऊन गुजरात, येताना मोरबीच्या टाइल्स. गूळ नाजूक आणि टाइल्स जड, त्यामुळे दोन्हीकडून जिवाला घोर. मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अभ्यासाची सुट्टी लागली होती आणि आण्णांचा क्लीनर त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेला होता. 'पुस्तकं घे आणि चल, केबिनमध्ये वाच,' असं म्हणून आण्णांनी मला बरोबर घेतलं. वापीपर्यंत मी पुस्तक उघडलं. त्यानंतर ते सीटखालीच राहिलं.

येताना खंबाटकीला गाडी तापली. पुण्याकडून साताऱ्याला येताना तेव्हा घाट चढावा लागायचा. उलट बाजूच्या गाड्यांना बोगदा होता, आपल्याला मात्र वळणं. एप्रिलमध्ये त्या चढाला एखाददुसरी गाडी बॉनेट उघडून उभी दिसतेच, त्यामुळे आमचीही एक असं वाटून मला फार काही वाटलं नाही. आण्णांनी काट्याकडे बघितलं, गिअर उतरवला, आणि खामजाईच्या देवळाच्या आसपास जागा बघून गाडी कडेला घेतली. इंजिन लगेच बंद केलं नाही. थोडा वेळ नुसतं चालू ठेवलं, मग बंद केलं, मग बिडी पेटवली आणि झाकणाकडे बघायलाही गेले नाहीत.

मी कॅन घेऊन पुढं झालो तर खेकसले. 'हात लावू नगंस. त्वांड भाजून घ्यायचंय व्हय?'

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पोटातून नव्हतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यात एक स्प्रिंग असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. दर पाउंड दाबामागं पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशानं चढतो. दहा-बारा पाउंडांचं झाकण असलं तर आतलं पाणी शंभरच्या बरंच वर जाऊनही शांत राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो, आणि त्या क्षणी सगळंच्या सगळं पाणी एकदम आठवल्यासारखं उकळतं. हायवेवर चेहरे, हात भाजलेले क्लीनर मी पुढं पुष्कळ बघितले. आण्णा पाऊण तास थांबले, मग ओलं पोतं टाकून झाकण पाव आटा फिरवलं, फुसफुस होऊ दिली, मग काढलं. चार लिटर पाणी बसलं.

आणि खाली? खाली टिपूससुद्धा नव्हतं.

हेच दुखणं होतं. तीन खेपा झाल्या, गाडी पाणी खात होती, पण कुठं सांडत नव्हती. आण्णा रात्री मुक्कामाला इंजिनाखाली पुठ्ठा टाकायचे. सकाळी पुठ्ठा कोरडा. वाटेत एका गॅरेजवाल्यानं झाकण काढून इंजिन चालू केलं, आतले बुडबुडे दाखवले आणि सांगून टाकलं, हेड पॅकिंग गेलं, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सीलचा पत्रा; हेड उतरवावं लागेल, घासून सपाट करावं लागेल, चार दिवस गाडी उभी. खर्चाचा आकडा ऐकून आण्णांनी नुसती मान हलवली होती. ट्रकवाल्याला खर्चापेक्षा 'चार दिवस उभी' हे जास्त लागतं. हप्ता काही उभा राहत नाही.

मला विचाराल तर त्या गॅरेजवाल्याचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. बुडबुडे म्हणजे हेड पॅकिंग, हे पुस्तकातही तसंच होतं. सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं तेव्हा दाब शंभर बारच्याही पुढं जातो. पॅकिंगला जरा फट मिळाली की तो धूर पाण्याच्या वाटेत घुसतो, पाण्याला ढकलून बाहेर काढतो. पाणी कमी होतं, गाडी तापते. सगळं जुळत होतं.

टाइल्स खाली करून आम्ही मिस्त्रीकडे गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आण्णांनी सगळं सांगितलं. मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'आज काय बघत न्हाई. गाडी गरम हाय. सकाळी सात वाजता बघू. तवर कुणी चालू करू नका.'

सकाळी सातला तो आला तो बॅटरी आणि पुसायला बनियनच्या चिंध्या घेऊन. पाना नव्हता. पुढचे तीन तास त्यानं पाना जवळजवळ उचललाच नाही, आणि माझी चिडचिड तिथूनच सुरू झाली.

गार इंजिनाभोवती तो आधी नुसता फिरला. होज पाइप जिथं बसतात तिथं बोट फिरवलं, क्लिपांच्या खाली बघितलं. काही गळती फक्त गार असतानाच होते, रबर आखडलेलं असतं म्हणून; गाडी तापली की ती आपोआप बसते. काही फक्त गरम असताना होते आणि गरम लोखंडावर पडल्या पडल्या वाफ होऊन उडून जाते, मागं फक्त पांढरट किंवा हिरवट खपली राहते. तो ती खपली शोधत होता. रेडिएटरच्या जाळीवर, थर्मोस्टॅटच्या घराभोवती, ब्लॉकच्या बुचांवर. मग वॉटर बॉडीखाली आडवा झाला. वॉटर बॉडीला, म्हणजे पाण्याच्या पंपाला, खालून एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून टिपकावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. ते भोक एम-सील लावून बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या गाड्यांचं पाणी गळायचं थांबतं खरं. मग बेअरिंग जातं, पंख्याची पाती रेडिएटरमध्ये शिरतात.

आमचं भोक कोरडं होतं.

मग त्यानं शेडातून एक वस्तू आणली. रेडिएटरचं जुनं झाकण, त्याला मधोमध सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळलेला, बाजूला दाबाचा लहान काटा. झाकण बसवलं, सायकलचा पंप लावला आणि दहा पाउंडांपर्यंत हवा भरली. बसून राहिला. मला चहा आणायला पाठवलं. मी येईपर्यंत काटा आठवर आला होता. खाली टिपूस नाही. अजून अर्ध्या तासानं सहा.

'जातंय,' मिस्त्री म्हणाला. 'आत जातंय.'

मग त्यानं पहिल्यांदा, एकदाच, आण्णांकडनं पाना मागून घेतला आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट ढिला केला. काढला नाही, फक्त ढिला. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल वर आणि पाणी तळाला बसतं, म्हणून पाणी असेल तर पहिले चार थेंब त्याचेच पडतात. पडलं ते काळं ऑइल. त्यानं ते बोटांत चोळलं, नट आवळला. ऑइलची काडी काढून बघितली, तीही स्वच्छ. दुधाच्या चहासारखा रंग कुठं नाही.

'म्हंजे ऑइलमधी न्हाई. मग सिलिंडरमधीच,' आण्णा म्हणाले.

मी म्हणालो, 'हेड गॅस्केट.' हेड पॅकिंगचंच पुस्तकातलं नाव.

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. 'काय इंजिनेर, पक्कं?' मी हो म्हणालो. आणि तेव्हा त्यानं आण्णांना तो प्रश्न विचारला. 'आण्णा, पाणी कुठं कुठं घातलंसा?'

आता आण्णांची डायरी सांगितली पाहिजे. बँकेकडून नव्या वर्षाला मिळते तसली ती रेक्झिनची डायरी. डिझेल, टोल, हमाली, पंक्चर, क्लीनरचा भत्ता, ताडपत्रीचा दोर, एका ठिकाणी 'देवाला नारळ', सगळं तारखेनिशी. पाण्याला पैसे पडत नाहीत, तरी त्यांनी पाणीही लिहिलं होतं. आण्णांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. जाताना सातारा, काही नाही. पुणे, एक लिटर. खोपोली, पाच लिटर. मनोर, एक. येताना खंबाटकी, चार. त्याच्या आधीच्या खेपेला खोपोली, पाच. त्याच्या आधी खोपोली, साडेचार.

'खोपोलीला जाताना का येताना?'

'जाताना. बोरघाट उतरला की.'

मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'घाट उतरताना इंजिनाला काय काम असतंय?'

मला आज तो क्षण आठवतो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय असेल याची लाज वाटते. मी खरोखर म्हणालो होतो, 'पाण्याचा आणि घाटाचा काय संबंध?' हेड पॅकिंग गेलं असतं तर चढाला पाणी जास्त जायला हवं, जिथं इंजिन जीव खाऊन ओढतंय, सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त डिझेल पेटतंय. उताराला अॅक्सिलरेटरवरचा पाय उचललेला असतो. इंजिन जवळपास रिकामं फिरतं. लोड भरलेल्या ट्रकमध्ये बोरघाट उतरताना घाम कुणाला फुटतो? ब्रेकला. आणि ब्रेक कशावर चालतात? हवेवर. हवा कोण भरतो?

मिस्त्रीनं रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण उघडंच ठेवलं आणि आण्णांना गाडी चालू करायला सांगितलं. रात्रभरात ब्रेकच्या टाकीतली हवा उतरलेली होती. सकाळी ट्रकवाले हवा भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबतात, तसं आम्ही थांबलो. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे यायला लागले, बारीक, एकामागून एक. मी बोट दाखवलं. मिस्त्री म्हणाला, 'थांब.'

चार-पाच मिनिटं गेली. हवेच्या दाबाचा काटा आठ किलोला पोचला आणि गाडीखालून ओळखीचा आवाज आला, फस्स. हवा भरली की कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनावर चालणारा हवेचा पंप, काम सोडतो, नुसता फिरत राहतो, त्याची ती खूण. मिस्त्रीनं रेडिएटरकडे मान केली.

बुडबुडे कमी झाले. मग थांबले. पाणी आरशासारखं. इंजिन तसंच चालू होतं, सहाही सिलिंडर पेटत होते.

'आण्णा, ब्रेक मारा. मारत ऱ्हावा.'

आण्णांनी सात-आठ वेळा पेडल दाबलं. काटा उतरला, कॉम्प्रेसर परत कामाला लागला, आणि बुडबुडे परत आले. मिस्त्रीनं हे आणखी दोनदा करून दाखवलं. ते माझ्यासाठी होतं हे मला कळत होतं. मग तो आडवा होऊन हवेच्या टाकीचा कॉक उघडायला गेला. टाकीतून रोज थोडं पाणी निघतंच, दमट हवा दाबली की निघणारच; त्याला काळपट तेलकट रंग असतो. हे आलं ते फिकट हिरवं होतं. आण्णांनी दिवाळीनंतर रेडिएटरच्या पाण्यात घातलेल्या कूलंटचा जो काही रंग राहिला होता तो.

कॉम्प्रेसरचं डोकंसुद्धा इंजिनाच्याच पाण्यानं थंड होतं. त्याचंही एक हेड असतं, तळहाताएवढं, आणि त्यालाही पॅकिंग असतं. ते फाटलं की गाडी चालू असताना आठ किलोची हवा पाण्यात घुसते, पाण्याला फुगवून झाकणातून रस्त्यावर सांडवते. चालत्या गाडीतून सांडलेलं पाणी पुठ्ठ्यावर कसं दिसणार? गाडी बंद केली की उलटं होतं. हवेचा दाब गेलेला, गरम पाण्याचा दाब शिल्लक, म्हणून पाणी कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये झिरपतं, आणि सकाळी चालू केली की टाकीत जातं. पाणी कमी होणं यात खरं तर किरकोळ. ब्रेकच्या हवेत कूलंट जाणं हे काळजीचं; व्हॉल्व्हमधली रबरं खराब होतात, आतून गंज चढतो. आण्णा तीन खेपा तशा ब्रेकवर बोरघाट उतरले होते.

सीटखालच्या माझ्या पुस्तकात कॉम्प्रेसरवर अख्खा धडा होता. क्लिअरन्स व्हॉल्यूम, पी-व्ही आकृती, दोन टप्प्यांचं कॉम्प्रेशन, मला सगळं तोंडपाठ. पण तो दुसरा धडा होता ना. इंजिनाच्या धड्यात तो येत नव्हता.

पॅकिंग आणायला मिस्त्रीचा पोरगा मोटारसायकलवर कराडला गेला. तोवर मिस्त्रीनं मला त्याच्या अगरबत्तीच्या स्टँडकडे नेलं. तो स्टँड म्हणजे एक जुना लायनर होता, ज्याच्या आत पिस्टन वरखाली होतो ते नळकांडं. बाहेरच्या अंगाला एका बाजूनं, फक्त एकाच बाजूनं, देवीच्या वणांसारखी भोकं. एक तर आरपार. 'हे पाण्यानं खाल्लंय,' तो म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं नाही. पाणी लोखंडाला असं टोकरतं? पुढं नोकरीत आल्यावर कळलं की अगदी तसंच आहे. पिस्टन दर फेऱ्यात लायनरच्या एका भिंतीवर आपटतो, भिंत थरथरते, तिच्या बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि फुटताना इतका दाब एका टाचणीएवढ्या जागी पडतो की धातूचा कण निघतो. जहाजांच्या पंख्यांना हाच रोग होता, आणि लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानं १९१७ मध्ये त्यावरूनच बुडबुडा मिटताना किती दाब तयार होतो याचं गणित मांडलं होतं. चांगल्या कूलंटमध्ये असलेली रसायनं लायनरवर एक पातळ थर धरून ठेवतात, मार त्या थरावर बसतो. बोअरचं पाणी ओतणाऱ्याला हा थर मिळत नाही, वर क्षारांची खपली मिळते. मिस्त्रीला रॅले माहीत नव्हता. त्याला लायनर माहीत होता.

एक गोष्ट मात्र त्याची मी कधीच घेतली नाही. टाकीतलं हिरवं पाणी त्यानं बोटावर घेऊन जिभेला लावलं होतं आणि थुंकला होता. 'ग्वाड हाय.' गोड असतंच ते. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. सांडलेलं कूलंट चाटून कुत्री मरतात ती त्या गोडीपायीच. आमच्याकडे कुणी पोरगं बोट तोंडाकडे न्यायला लागलं तर मी ओरडतो, आणि जमिनीवर सांडलेलं पुसून घेतल्याशिवाय पुढचं काम करू देत नाही.

दुपारी दोनपर्यंत कॉम्प्रेसरचं हेड उतरलं, बसलं, हवा भरली, बुडबुडे नाहीत. मिस्त्रीनं हवेच्या टाक्या पूर्ण सोडून घेतल्या, दोनदा. मग हिशेब. पॅकिंगचे नव्वद, मजुरीचे अडीचशे.

आण्णांनी पाचशेची नोट वेगळी काढून पुढं केली. मिस्त्रीनं हात मागं घेतला. 'उघडलं किती, तेवढंच द्यायचं.'

'पण तू तीन तास बघितलंस की.'

'बघायचं कोण पैसे देतंय व्हय?' तो हसला. खरंच हसला, टोमणा नव्हता तो. एखाद्यानं चहाबरोबर वाफेचे पैसे विचारावेत तसं त्याला ते वाटलं असणार.

आता मी ज्या टेबलावर बसतो तिथं दिवसाला वीस-पंचवीस एस्टिमेटं येतात. हेड उतरवणं-बसवणं, त्याचे ठरलेले तास. रेडिएटर काढणं, ठरलेले तास. नव्या, २०२० नंतरच्या बऱ्याच बीएस-६ गाड्यांत धूर थंड करणारा कूलर असतो. तो आतून फुटला की पाणी धुराबरोबर जातं आणि तिथंही पुठ्ठा कोरडाच राहतो. त्या कूलरचेही तास ठरलेले. तपासणीला यंत्रणा सहसा अर्धा तास देते. आमच्याकडे आता एक निळं रसायन आहे, रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं. सिलिंडरचा धूर पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं ते हिरवट-पिवळं होतं. कॉम्प्रेसरच्या हवेनं होत नाही, निळंच राहतं. दहा मिनिटांचं काम. तरी ते करायच्या आधी हेड उतरवलेली गाडी मी महिन्यातून एकदा तरी बघतो, कारण उतरवलेल्या हेडचं बिल होतं आणि निळ्या राहिलेल्या पाण्याचं होत नाही. मागच्या पावसाळ्यात एका पोरानं चार तास एका गाडीपाशी काढले आणि शेवटी अडीचशे रुपयांचा होज बदलला. त्याचे चार तास मंजूर करायला मला तीन मेल लिहावे लागले. तिसऱ्यात जरा आवाज चढला होता माझा.

आण्णांनी २०१६ मध्ये ट्रक विकला. डायऱ्या माझ्याकडे आहेत. परवा २००९ची काढली. त्या दिवसाच्या पानावर त्यांच्या वळणदार, खाली झुकणाऱ्या अक्षरात असं आहे:

कॉम्प्रेसर पॅकिंग — ९०
मजुरी — २५०
चहा, वडापाव — ४६
मिस्त्रीचे बघायचे —

पुढं रेघ आहे आणि आकडा नाही. 'बघायचे' म्हणजे बघण्याचे पैसे, की मिस्त्रीचं काय द्यायचं ते नंतर बघू, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी डायरी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, आणि म्हणाले, अक्षर माझंच हाय, पर ध्यानात न्हाई.

पान उलटलं. नऊ दिवसांनी पुढची खेप. सातारा, टोल. पुणे, डिझेल. आणि खाली:

खोपोली — पाणी बघितले.